दोन केबीत मावणारं सॉकेट : उजनीकाठच्या मोटारीसाठी

उजनीच्या फुगवट्यावर मोटार ठेवणाऱ्याला पाणी दोन तऱ्हांनी छळतं. फेब्रुवारी-मार्चनंतर ते काठ सोडून मागं सरकतं, फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटार पाणी सोडते आणि कोरडीच फिरत राहते. जुलै-ऑगस्टात उलटा प्रकार. पळसदेवच्या आभाळात ढगही नसतो, पण पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं, दौंडवरून खाली येतं आणि काल कोरड्यात असलेली स्टार्टरची पेटी सकाळी पाण्यात दिसते. त्या दिवसांत पाऊस किती झाला यापेक्षा ‘दौंडचा विसर्ग किती?’ हीच चौकशी जास्त चालते.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणून उजनी ‘मायनस’मध्ये गेली तरी पाणी असतंच, फक्त लांब असतं. जुनं पळसदेव याच पाण्याखाली गेलं; पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी खूप ओसरलं की उघडं पडतं, २०२४च्या उन्हाळ्यात पडलं होतं तसं. पाहुणे फोटो काढायला येतात तेव्हा गावकरी पाइपाचे तुकडे आणि केबल ओढत पाण्यामागं निघालेले असतात.

मोबाइल स्टार्टर आता बहुतेक पेट्यांत आहे. फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. पण फुटव्हॉल्व्हवर पाणी किती उरलंय, ते चढतंय की उतरतंय, हे तो सांगत नाही. ते सांगणारं छोटं यंत्र घरी कसं करायचं, त्याची ही कृती. सोल्डरिंग येतं, आर्डुइनोवर दिवा लुकलुकवून झालाय आणि घरात कुणाला तरी लिनक्स हाताळता येतं, एवढं गृहीत धरलं आहे. ४१५ व्होल्टचं काम मात्र वायरमनचंच.

आधी बोलणं ठरवा, मग चिप

बहुतेक जण आधी चिप घेतात, मग लायब्ररी, आणि शेवटी पाठवायचं काय याचा विचार करतात. मेमरी तिथंच संपते. उलट दिशेनं चला. काठावरून मिनिटाला एकदा काय कळायला हवं? तीन फेज आहेत का, मोटार फिरतेय का, किती अँपिअर घेतेय, फुटव्हॉल्व्हवर पाणी किती सेंटिमीटर आहे. बस.

हे वाक्यांत लिहिलं, म्हणजे जेसनसारख्या मजकुरात, तर सहज शंभराच्या आसपास अक्षरं होतात. बाइटांत लिहिलं तर बारा पुरतात. एक नमुना असा:

१७, ७, ०, ०, २०, २३३, १५, ०, ०, ११४, १, ३१

पहिला आकडा १७. त्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे आवृत्ती १, खालचा म्हणजे प्रकार १, ‘काठाकडून खबर’. ७ हा यंत्राचा क्रमांक. पुढचे चार बाइट अनुक्रमांकाचे: २० गुणिले २५६ अधिक २३३, म्हणजे ५३५३वी खबर. १५ मध्ये चार झेंडे आहेत, आर, वाय, बी या तीन फेजा आणि चालू मोटार: १ + २ + ४ + ८. त्यानंतरचं शून्य मोटार मागच्या वेळी का थांबली त्या कारणाचं. शून्य म्हणजे काही तक्रार नाही. पुढचे दोन बाइट मिळून ११४, म्हणजे ११.४ अँपिअर, साडेसात एचपीच्या मोटारीला शोभेल असा आकडा. शेवटचे १ आणि ३१ म्हणजे २८७, फुटव्हॉल्व्हवर २ मीटर ८७ सेंटिमीटर पाणी. दशांश चिन्ह कुठंच नाही. अँपिअर दहापट करून आणि पाणी सेंटिमीटरमध्ये पाठवलं की अपूर्णांकांचं गणितच लागत नाही, आणि ते गणित छोट्या चिपवर महाग पडतं.

या बारांच्या मागं आठ बाइटांची मोहोर लावा. त्यासाठी ‘सिपहॅश’ वापरा; ऑमासाँ आणि बर्नस्टाइन यांनी २०१२ साली छोट्या संदेशांसाठीच ती पद्धत बांधली. सोळा बाइटांची गुप्त किल्ली यंत्रात आणि सर्व्हरवर ठेवायची. किल्ली नसलेल्याला मोहोर जमत नाही. एकूण २० बाइट झाले. आयपीचं २० आणि यूडीपीचं ८ बाइटांचं डोकं धरून ४८. मिनिटाला एक खबर म्हणजे दिवसाला ६९ केबी. उत्तरं धरली तरी महिन्याचा खर्च चार एमबीच्या आसपास.

घराकडून जाणारं उत्तर आणखी छोटं: प्रकार, यंत्राचा क्रमांक, ज्या खबरेला हे उत्तर आहे तिचा अनुक्रमांक, हुकूम, मिनिटं आणि मोहोर. सोळा बाइट. हुकूम तीनच: काही नाही, चालू ठेव, बंद ठेव. ‘बटण दाब’ असा हुकूम कधीही ठेवू नका. तो वाटेत दुप्पट झाला तर चालू मोटार बंद पडते. ‘चालू ठेव’ दहादा आला तरी बिघडत नाही. मिनिटांचा बाइट हा परवान्यासारखा वापरा. ९० लिहिलं तर नव्वद मिनिटं मोटार चालेल, मधे परवाना वाढवला नाही तर आपोआप थांबेल. टॉवर गेला, सिमचा रिचार्ज संपला, तरी मोटार रात्रभर बेवारशी फिरत नाही.

सगळे आकडे बाइट-बाइट करून, मोठा बाइट आधी, असे हातानं लिहा. चिपवरची संरचना जशीच्या तशी उचलून पाठवायचा मोह होतो, पण आठ बिटांची चिप बाइटांमध्ये मोकळी जागा सोडत नाही आणि सर्व्हरचा संगणक सोडतो. शिवाय दोघंही लहान बाइट आधी ठेवतात, त्यामुळे घरी चाचणी नीट होते आणि पुढं कधीतरी वेगळ्या जातीचं यंत्र जोडलं की आकडे उलटेपालटे येतात.

सामान

आर्डुइनो नॅनो, म्हणजे एटीमेगा ३२८पी चिप: ३२ केबी फ्लॅश, २ केबी म्हणजे २०४८ बाइट रॅम आणि १ केबी ईप्रॉम. फोरजी मॉड्यूल ज्याच्या पोटातच टीसीपी-आयपी आहे असं घ्या, सिमकॉमच्या ए७६७०सी सारखं. टूजी मॉड्यूल स्वस्त मिळतात, पण जिओचं टूजी जाळंच नाही. पाण्यासाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा, दहा मीटरचा, पाण्यात बुडवायचा दाबाचा सेन्सर. विजेसाठी तीन ऑप्टोकपलर, एका फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी. बारा व्होल्टची बॅटरी, दोन रिले. पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर यातलं बरंच मिळून जाईल. दाबाचा सेन्सर बहुधा मागवावा लागेल.

सेन्सरच्या वाटेत २२० ओमचा रेझिस्टर टाका. २० मिलिअँपिअरला ४.४ व्होल्ट होतात आणि नॅनोच्या दहा बिटांत दीड सेंटिमीटरपर्यंतचा फरक कळतो. या जातीच्या सेन्सरची मोठी सोय म्हणजे पाणी शून्य असलं तरी ४ मिलिअँपिअर येतातच. त्याहून बरेच कमी आले तर केबल तुटली, किंवा कुणी कापून नेली. अशा वेळी पाण्याच्या जागी ६५५३५ पाठवा.

रिलेची जोडणी साधी ठेवा. एक रिले हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंद मिटणारा. दुसरा लाल बटणाच्या रांगेत, उघडला की स्टार्टर सुटतो. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरला हात लावायचा नाही. आपलं यंत्र त्यांच्यावर मालकी गाजवायला आलेलं नाही. नॅनो सुरू होताना तिच्या पिना क्षणभर लोंबकळत्या असतात, म्हणून रिले बोर्ड कोणत्या पातळीला ओढतं ते पाहून प्रत्येक पिनेला रेझिस्टर द्या, नाहीतर नॅनो नव्यानं उठली की हिरवं बटण आपोआप दाबलं जाईल.

मॉड्यूलला वीज देताना कंजुषी नको. फोरजी गेलं आणि ते टूजीवर उतरलं की क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. मॉड्यूलच्या पायाशीच हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ‘नेटवर्क मध्येच जातं’ या तक्रारीमागं पुष्कळदा बारीक वायर निघते.

२०४८ बाइटांची वाटणी

इथं खरं काम आहे. इंटरनेट अभियांत्रिकीच्या आरएफसी ७२२८ या २०१४च्या दस्तऐवजात छोट्या यंत्रांचे वर्ग पाडले आहेत. दहा केबी रॅमच्या आसपासची यंत्रं वर्ग १ मध्ये, आणि त्याहून पुष्कळ कमी असलेली वर्ग शून्यमध्ये. आपली नॅनो शून्यातली. ईथरनेटचं एक पूर्ण पॅकेट १५०० बाइटांचं, म्हणजे तिची तीन चतुर्थांश रॅम. टीएलएसचं तर नावही काढू नका; सर्व्हरची प्रमाणपत्रं ठेवायलाच जागा पुरत नाही.

तरीही आठ बिटांच्या चिपवर संपूर्ण टीसीपी-आयपी बसवून दाखवणारा माणूस झाला. स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेतल्या अॅडम डंकल्सनं ‘यूआयपी’ लिहिलं आणि २००३ साली त्यावरचा शोधनिबंध मांडला. त्याची युक्ती अशी की येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅकेटला एकच बफर, आणि पाठवलेल्याची प्रत ठेवायचीच नाही. पॅकेट हरवलं तर वरचा प्रोग्राम तेच उत्तर पुन्हा तयार करून देतो. आपण टीसीपी-आयपी मॉड्यूलवर सोपवतोय, तरी ही दुसरी युक्ती उचलण्याजोगी आहे.

वाटणी कागदावर लिहा. सिरियल पोर्टचे येणारा आणि जाणारा असे दोन बफर, ६४ अधिक ६४, ते आर्डुइनो स्वतःच घेतं. मॉड्यूलकडून येणारी ओळ साठवायला ९६. जाणारं पॅकेट २०, येणारं १६. सिपहॅशच्या चालू गणिताला ३२, किल्लीची प्रत १६. अँपिअर आणि पाणी यांच्या शेवटच्या सोळा-सोळा नोंदी, प्रत्येकी दोन बाइट, मिळून ६४. वेळा, झेंडे, अवस्था यांना साठेक. बेरीज ४३२. चिल्लर धरून पाचशे म्हणा. उरलेले दीड हजार स्टॅकला, आणि ते मोकळेच राहू द्या.

हे सगळे बफर प्रोग्रामच्या डोक्यावर कायमचे जाहीर करा. चालता चालता मेमरी मागणं बंद. आर्डुइनोची ‘स्ट्रिंग’ वापरायला गोड आहे, पण ती जोडताना-तोडताना रॅमचे बारीक तुकडे करून ठेवते. बाकी जागा दिसते, पण सलग मिळत नाही. टेबलावर दोन तास चालणारा प्रोग्राम काठावर आठ दिवसांनी अडकतो तो बहुधा यामुळे. दुसरा छुपा खर्च मजकुराचा. अवतरणात लिहिलेलं प्रत्येक वाक्य या चिपवर सुरुवातीलाच रॅममध्ये उतरतं. मॉड्यूलला द्यायच्या तीस आज्ञा, प्रत्येकी वीस अक्षरांच्या, म्हणजे सहाशे बाइट गेले. त्या फ्लॅशमध्येच राहतील अशी खूण करा आणि तिथूनच एकेक अक्षर पोर्टावर सोडा.

स्टॅक खरोखर किती खोल जातो हे अंदाजानं सांगू नका, मोजा. सुरुवातीला मोकळ्या रॅमवर १७० हा आकडा फासून ठेवा. दोन दिवस चालवल्यावर किती १७० शाबूत राहिले ते मोजा. दोनशेच्या खाली आले तर कुठंतरी फंक्शनच्या पोटात मोठा बफर लपलाय.

तुमच्याकडे ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ असेल तर चित्र थोडं वेगळं. तिथं ‘एलडब्ल्यूआयपी’ असतं, तेही मुळात डंकल्सचंच. त्याच्याशी तीन तऱ्हांनी बोलता येतं, आणि ओळखीचं बर्कली पद्धतीचं सॉकेट त्यातलं सर्वांत वजनदार. त्याला मागं ऑपरेटिंग सिस्टिम आणि धागे लागतात, आणि प्रत्येक धाग्याला स्वतःचा स्टॅक. कच्च्या पद्धतीत फक्त ‘पॅकेट आलं की हे फंक्शन बोलव’ एवढं सांगून ठेवायचं. हलकी आहे, पण हातात आलेला पॅकेट-बफर वापरून झाल्यावर मोकळा करायला विसरलात की दर मिनिटाला एक गळत जाईल. बाकी पुढची सगळी कृती तिथंही जशीच्या तशी लागू.

यूडीपी का

टीसीपी भरवशाचं, यूडीपी बेभरवशाचं, असं पुस्तकात असतं. काठावर उलट अनुभव येतो. टीसीपीची जोडणी उघडी आहे असं यंत्र समजत राहतं आणि मधल्या जाळ्यानं ती केव्हाच विसरलेली असते. कोणीच ‘बंद’ म्हणत नाही. मग तपासायला वर आपली धुगधुगी पाठवावीच लागते. धुगधुगी पाठवायचीच आहे, तर १९८० साली जॉन पोस्टेलनं तीन पानांत लिहिलेलं यूडीपी पुरे. एक खबर हरवली तर मिनिटानं दुसरी येते आणि ती जास्त ताजी असते. जुनी खबर जपून पुन्हा पाठवण्यात शेतकऱ्याचा काय फायदा?

मॉड्यूलशी बोलणं तीन आज्ञांत होतं. ‘नेटओपन’नं डेटा उघडायचा, ‘सीआयपीओपन’नं यूडीपी सॉकेट, आणि ‘सीआयपीसेंड’ला लांबी, पत्ता, पोर्ट देऊन, समोरून बाणाची खूण आली की बरोबर २० बाइट सोडायचे. लांबी आधी सांगितल्यामुळे आत कोणताही आकडा चालतो. उत्तर येताना ‘प्लस आयपीडी १६’ अशी ओळ येते आणि पुढं सोळा बाइट. इथं खाच आहे. आत्तापर्यंत तुमचा प्रोग्राम ओळी वाचत असतो, ओळ संपल्याची खूण १३ आणि १०. पण मोहोरेच्या आठ बाइटांत १३ किंवा १० कधीही येऊ शकतो. म्हणून ही ओळ दिसली की ओळी वाचणं थांबवा आणि सोळा बाइट मोजून घ्या. हे न केल्यास दर काही उत्तरांतलं एक विनाकारण खोटं ठरतं आणि माणूस दोष सिमला देतो.

कुणी अडून बसायचं नाही

नॅनोचं खरं सिरियल पोर्ट मॉड्यूलला द्या आणि वेग ९६०० वर बांधा. या वेगात सेकंदाला ९६० बाइट येतात, म्हणजे ६४ बाइटांचा बफर ६७ मिलिसेकंदांत भरतो. तेवढ्यात तुम्ही तो उपसला नाहीत तर पुढचं सांडतं. ११५२०० वर तीच मुदत साडेपाच मिलिसेकंदांची. प्रोग्राममध्ये कुठंही ‘एक सेकंद थांब’ लिहिलं की तिथं बोलणं तुटलंच.

चारीच्या पाण्यासारखी पाळी लावा. मुख्य फेऱ्यात पाच कामं: सिरियल उपसणं, सेन्सर वाचणं, मोटारीची सुरक्षा पाहणं, सॉकेटची अवस्था एक पाऊल पुढं नेणं, आणि शेवटी वॉचडॉगला, म्हणजे अडकलेली चिप आपोआप रीसेट करणाऱ्या घड्याळाला, हात लावणं. प्रत्येकानं आपलं थोडंसं करून लगेच पुढच्याला वाट द्यायची. सॉकेटला अवस्था द्या: मॉड्यूल झोपलेलं, जागं, डेटा उघडा, सॉकेट उघडं, उत्तराची वाट. प्रत्येक अवस्थेला मुदत. मुदत संपली तर एक पायरी खाली. तीनदा खाली आलं तर मॉड्यूलची वीज काढून पुन्हा द्या. आज्ञेनं रीसेट करण्यापेक्षा वीज काढणं खात्रीचं.

मुदत मोजताना ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ असंच लिहा. मिलिसेकंदांचा मोजणारा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकी केली तर काही होत नाही, नुसती तुलना केली तर यंत्र मुदत संपण्याची वाटच पाहत बसतं.

वॉचडॉग आठ सेकंदांचा लावा. पण स्वस्तातल्या पुष्कळ नॅनोंवर जुना बूटलोडर असतो आणि तो वॉचडॉगनं रीसेट झाल्यावर पुन्हा पुन्हा रीसेटच होत राहतो. आधी ‘ऑप्टिबूट’ चढवून घ्या; वर दीड केबी फ्लॅशही सुटते.

मोटार वाचवण्याचा निर्णय मात्र सर्व्हरकडं कधीच पाठवू नका. नेहमीच्या अँपिअरच्या सत्तर टक्क्यांखाली दहा सेकंद, किंवा फुटव्हॉल्व्हवर २५ सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी: लाल रिले उघडा, कारण नोंदवा, मग खबर द्या. पाणी किती वेगानं चढतंय हे सर्व्हरनं मोजावं, कारण त्याला मागच्या आठवड्याचे आकडे ठेवायला जागा आहे आणि चढत्या पाण्याला तासांची सवड असते. कोरड्या मोटारीला ती नसते.

उत्तर, अनुक्रमांक, आणि ईप्रॉमचं आयुष्य

मोबाइल कंपनी कितीतरी सिमना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. त्यामुळे बाहेरून यंत्राला हाक मारता येत नाही. यंत्र बोललं की थोडा वेळच परतीची वाट उघडी राहते. म्हणून घरून दिलेला हुकूम सर्व्हरवर पडून राहतो आणि पुढच्या खबरेच्या उत्तरात जातो. बटण दाबल्यावर मोटार जास्तीत जास्त मिनिटभरानं सुरू होते. दारं धरायला निघालेल्या माणसाला हे चालतं.

आठ सेकंदांत उत्तर नाही आलं तर तीच खबर, त्याच अनुक्रमांकानं, आणखी दोनदा पाठवा. मग पुढच्या मिनिटापर्यंत गप्प. उत्तरात आपण नुकताच पाठवलेला अनुक्रमांक नसेल तर ते फेकून द्या. कालचं ‘चालू ठेव’ कुणी पकडून आज परत सोडलं तरी ते निरुपयोगी ठरतं ते यामुळेच.

त्यासाठी अनुक्रमांक वीज गेल्यावरही मागं जाता कामा नये. तो दर मिनिटाला ईप्रॉममध्ये लिहावा असं वाटेल. ईप्रॉमची एक जागा एक लाख वेळा लिहिण्याची हमी देते. दिवसाला १४४० म्हणजे सत्तर दिवसांत हमी संपली. म्हणून दर २५६व्या खबरेलाच लिहा आणि यंत्र नव्यानं उठलं की साठवलेल्या आकड्यात २५६ मिळवून तिथून पुढं चला. मधले काही आकडे वाया जातील, अनुक्रमांक कधी मागं जाणार नाही, आणि हमी सत्तर दिवसांवरून अठ्ठेचाळीस वर्षांवर जाते.

आणखी एक इथलीच गोष्ट. शेतीची लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या पेट्या एकाच क्षणी जाग्या होतात. सगळ्यांची यंत्रं एकाच सेकंदाला टॉवरवर धडकली तर कुणाचंच लवकर लागत नाही, आणि सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीचा फ्युज उडतो. यंत्राच्या क्रमांकावरून काही सेकंदांचा उशीर ठरवा: क्रमांक ७ असेल तर सात गुणिले पाच सेकंद. फसल्यावरच्या पुन्हा प्रयत्नांतही अंतर दुप्पट करत जा आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला.

सर्व्हर

घरच्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे भाड्यानं छोटं लिनक्स मशीन घ्या. पायथॉनमध्ये तीसेक ओळी लागतात. यूडीपी सॉकेट उघडून पोर्टला बाइंड करा आणि रिसीव्हफ्रॉमवर बसा. लांबी २० नसेल तर सोडून द्या, मोहोर जुळली नाही तर सोडून द्या, आणि दोन्ही वेळा उत्तर देऊ नका. अनुक्रमांक मागच्यापेक्षा मोठा असेल तर नोंद करा आणि उत्तर द्या. तेवढाच असेल तर नोंद न करता फक्त उत्तर. लहान असेल तर काहीच नाही. उत्तर ज्या पत्त्या-पोर्टवरून खबर आली तिथंच सेंडटू करा, कारण तो पत्ता उद्या बदललेला असेल.

दहा मिनिटं खबर आली नाही तर घरी फोन वाजला पाहिजे. यंत्राला बॅटरी आहे, त्यामुळे लाइट गेल्यावरही ते बोलत राहतं. ते गप्प झालं याचा अर्थ टॉवर गेला, पेटी बुडाली किंवा चोरी झाली, आणि तिन्हींत कुणीतरी काठावर जायलाच हवं.

टेबलावर, मग काठावर

मोटारीऐवजी बल्ब लावून आठवडाभर घरातच चालवा. लिनक्सच्या ‘नेटेम’नं सर्व्हरवरची तीस टक्के पॅकेटं मुद्दाम पाडा, काही दुप्पट करा, काही उशिरा सोडा. बल्ब एकदाही चुकीचा लागता कामा नये. उत्तराच्या मध्येच नॅनोची वायर उपटा. सिम काढून घाला. सेन्सर बादलीत बुडवून वर उचला आणि २५ सेंटिमीटरला बल्ब विझतो का ते पट्टी लावून पाहा.

काठावर अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर, उंच. सेन्सर फुटव्हॉल्व्हच्याच पातळीला, त्याच दोरीला बांधा, म्हणजे उन्हाळ्यात पाइप पुढं सरकवताना दोन्ही बरोबर जातात आणि शून्य बदलत नाही. पेटी मात्र मागच्या पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणेच्या वर. मार्चमध्ये ती जागा हास्यास्पद लांब वाटते, तरीही तिथंच.

पेटीत एक साधा खटका ठेवा: एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला हात. हाताकडं असताना आपले दोन्ही रिले वाटेतून पूर्ण बाहेर गेले पाहिजेत, म्हणजे रात्री दोन वाजता आलेल्या वायरमनला किंवा शेजाऱ्याला जुन्या हिरव्या-लाल बटणांवर मोटार चालवता येईल. दाराच्या आतून जोडणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा: कोणती वायर कुठं, यंत्राचा क्रमांक, सिमचा नंबर, रिचार्ज संपण्याची तारीख. किल्लीचे सोळा बाइट त्या कागदावर लिहायचे नाहीत.